लेकीच्या तोंडून आईचं दुखणं

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्याच्या वेशीवरच्या एका बांधकाम वस्तीतून एक बाई आमच्या समुपदेशन केंद्रात आली. बरोबर नऊ वर्षांची मुलगी. बाई लमाण समाजातली, कलबुर्गीकडच्या तांड्यावरची. घरी गोरमाटी बोलते, कामापुरती कन्नड येते, आणि नाक्यावर मजुरी ठरवण्यापुरती हिंदी. मला मराठी, हिंदी आणि घरची तेलुगू येते. आम्हां दोघींना एकमेकींशी धड बोलता येईल अशी एकही भाषा नव्हती. मुलगी मात्र महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत शिकत होती आणि या सगळ्या भाषा तिच्या तोंडी होत्या. मला हायसं वाटलं. मी तिला म्हटलं, "बरं झालं बाई तू आलीस. आता मी विचारते ते याडीला सांग आणि ती सांगेल ते मला सांग."

पाऊण तास हे चाललं. "बाबा कशाने मारतात?" मुलीने आईला विचारलं, आईने सांगितलं, मुलीने मला सांगितलं, "पट्ट्याने." "कुठे मारतात?" "पोटात." "दारू पितात का?" "हो." पुढचा प्रश्न लैंगिक जबरदस्तीचा होता. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली जो घटना अहवाल भरायचा असतो त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसाचाराचे वेगवेगळे भाग आहेत. आमचा फॉर्मही त्याच धर्तीवर केलेला. मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत विचारलं. मुलगी क्षणभर गप्प राहिली. आईकडे वळलीच नाही. "नाही" म्हणाली. मी "नाही" असं लिहिलं. शेवटी मी विचारलं, "आता तिला काय हवंय?" मुलीने आईशी दोन वाक्यं बोलून मला सांगितलं, "याडी म्हणते, बाबांना समजावून सांगा. बाकी ठीक आहे."

आम्ही नवऱ्याला बोलावलं, समजावलं, "पुन्हा मारहाण करणार नाही" असं लिहून घेतलं, आणि बाईला घरी पाठवलं. नोंदवहीत प्रकरण 'समझोता' म्हणून लागलं.

तीन महिन्यांनी ती बाई पुन्हा आली. या वेळी आमच्या एका बचत गटातली दुसऱ्या तांड्यावरची मावशी केंद्रात होती. तिने बाईला आत नेलं आणि मुलीला बाहेर खेळायला पाठवलं. तेव्हा कळलं ते असं: मार ती नऊ वर्षं खातच होती. मारासाठी ती आलीच नव्हती. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे टाके वाळायच्या आत नवऱ्याने तिला सोडलं नव्हतं, म्हणून ती आली होती. आणि "बाबांना समजावून सांगा" हे ती कधीच म्हणाली नव्हती. तिने विचारलं होतं, "मला आणि मुलांना राहायला कुठे जागा मिळेल का?"

मुलगी खोटारडी होती का? नंतर, बऱ्याच दिवसांनी, चित्रं काढता काढता ती मला म्हणाली, "ताई, असं याडीला विचारायचं नसतं." आणि जागेचं का नाही सांगितलंस, यावर म्हणाली, "मग बाबा कुठे गेले असते?" नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या बुद्धीप्रमाणे आईची लाज राखली होती आणि बापाचं घरही. आमच्याकडची बैठक आटोपून घरी गेल्यावर बापाने त्या रात्री बायकोला हात लावला नाही, हेही कळलं. कागदावर तसं लिहून दिलं होतं ना! त्याने मुलीला मारलं. "जीभ तुझीच होती," असं म्हणत मारलं.

चूक कुणाची?

ही चूक माझी होती. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आहे. मुलासमोर आईला हिंसाचाराविषयी खोदून विचारू नये हे मला पहिल्या वर्षात शिकवलं होतं. मराठी बोलणारी बाई मुलीला घेऊन आली असती तर मी मुलीला बाहेर बसवलंच असतं. पण ही मुलगी 'दुभाषी' होती, म्हणून ती मूल आहे हे माझ्या डोळ्यांआड झालं. तिच्या दोन भाषा मला सोयीच्या होत्या. त्या दोन भाषांची किंमत ती काय मोजते आहे, हा प्रश्न मला पडला नाही.

आणि तो पडायला हवा होता, कारण मी स्वतः अशाच घरातली आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली वस्तीत मी वाढले. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची मिसळ आणि मधूनमधून कन्नड. शाळेत निकालाच्या दिवशी आई यायची तेव्हा मी तिला दाराबाहेरच सांगायचे, "अम्मा, तू काही बोलू नकोस, मी सांगते." बाई जे बोलायच्या त्याचं मी आईला तेलुगूत करून सांगायचे, आणि माझ्या खोड्यांबद्दलचं त्यातून सोयीस्करपणे गाळायचे. तेव्हा गंमत वाटायची. पुढे आईला छातीत दुखायला लागलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पुरतं समजलंही नव्हतं. ते आईला कसं सांगायचं हे तर मुळीच माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं, "काही नाही, गोळ्या दिल्यात." पुढचे कित्येक महिने रात्री उठून मी तिचा श्वास चालू आहे की नाही ते बघायचे. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. कुठल्या भाषेत सांगणार? तेलुगूत सांगितली तर आईला कळली असती; मराठीत सांगायची तर माझ्या मराठीत भीतीचे शब्दच अजून रुजले नव्हते. माझी मराठी धड्यांची आणि प्रश्नोत्तरांची होती.

हे सगळं विसरून मी त्या लमाण मुलीला आईसमोर बसवलं. म्हणूनच हा लेख लिहिते आहे. असं माझ्या एकटीकडून घडलेलं नाही, हे वेगवेगळ्या संस्थांतल्या मैत्रिणींशी बोलताना लक्षात आलं. दवाखान्यात, रेशन दुकानात, पोलीस चौकीत, आणि आपल्या केंद्रांतही, स्थलांतरित घरातली मुलं, त्यातही मुली, हे काम रोज करताहेत. आपण त्यांचं कौतुक करतो. "किती हुशार! चार भाषा बोलते!" आणि कामाला लावतो.

दोन भाषा हे ओझं नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर या सगळ्याचा नेमका उलटा अर्थ काढला जाईल. दोन किंवा तीन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो, ते मागे पडतं, हा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे. १९६२ साली कॅनडातल्या माँट्रिऑल इथे पील आणि लँबर्ट या दोघांनी केलेल्या अभ्यासात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध आदिवासी मुलांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलणारी मुलं केवळ ओडिया बोलणाऱ्या कंध मुलांच्या मागे नव्हती, पुढे होती. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणं हेही गोंधळाचं लक्षण नाही. आपण मोठी माणसं दिवसभर तेच करतो. आणि नव्या भाषेच्या शाळेत आलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, गप्प बसून नुसतं ऐकत असेल, तर ते 'मंद' नसतं. त्या वेळात ते भाषा साठवत असतं.

म्हणजे भाषा दोन असणं हा दोष नाही. त्या दोन भाषांना आपण जी वागणूक देतो, तिने मूल मोडतं. माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत राहते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा तिकडे कितीतरी गावांत चालतात. अशाच एका शाळेत ती दर रविवारी शिकवते. सांगते की शिकवणाऱ्या बहुतेक आयाच. मुलगा इंग्रजीत उत्तरं देतो म्हणून तिला काळजी वाटते, आणि आपण सगळ्याजणी तिचं कौतुक करतो की परदेशात राहून तिने मराठी टिकवली. बरोबरच आहे ते. पण हेच काम जेव्हा पत्र्याच्या खोलीतली लमाण बाई करते, मुलांशी गोरमाटीत बोलते, गाणी म्हणते, तेव्हा तिला काय सांगितलं जातं? "घरी मराठीत बोलत जा, नाहीतर मुलं मागे पडतील." एकीची द्विभाषिकता म्हणजे संस्कृती आणि दुसरीची म्हणजे मागासलेपण! हा फरक भाषेतून आलेला नाही, जातीतून आणि वर्गातून आलेला आहे.

आमच्या त्या मुलीच्या आईलाही शाळेतून हाच सल्ला मिळाला होता. तिने तो मनापासून पाळायचा प्रयत्न केला. तिला येणारी मराठी ती किती? "जेव, झोप, जा, आण, मार खाशील." तेवढ्या शब्दांत ती लेकीशी बोलू लागली. गोष्टी बंद झाल्या, कोडी बंद झाली, दिवसभर साइटवर काय झालं ते सांगणं बंद झालं. मुलीलाही वर्गात गोरमाटी शब्द तोंडातून निसटला की मुलं हसायची. तिनेही घरी ती भाषा कमी केली. चौथी संपेतो मायलेकींमध्ये उरल्या त्या आज्ञा आणि होकार-नकार. अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांविषयी लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली हेच मांडलं होतं: शाळेपूर्वीच्या वयात मुलांवर एकट्या इंग्रजीचा मारा झाला की घरची भाषा निसटते, आणि आईबापांकडे मुलांना समजावण्याचं, धीर देण्याचं, वळण लावण्याचं साधनच उरत नाही. ज्या आईशी बोलता येत नाही तिच्यापाशी रडता तरी कसं येईल?

आणि विसरू नका, या सगळ्यात दोष कुणाला मिळतो? मूल बोलत नाही, आईने बोलायला शिकवलं नाही. मूल मराठी चुकीचं बोलतं, आई अडाणी. मूल घरची भाषा विसरलं, आईला संस्कार करता आले नाहीत. 'मातृभाषा' या शब्दातच आईवर जबाबदारी टाकून मोकळं होण्याची सोय आहे. बाप कुठल्या भाषेत बोलतो हे आजवर मला एकाही शाळेने विचारलेलं ऐकिवात नाही.

कागदावर काय आहे?

कागदावर बरंच आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी द्याव्यात, असं संविधानाचं ३५० अ हे कलम सांगतं. ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी असं म्हटलं आहे. मूल भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त राहील याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, घरची भाषा असा उल्लेख आहे. 'शक्य तिथवर' या दोन शब्दांत तांड्यावरची सगळी मुलं गळून जातात.

त्यातून गोरमाटी ही भाषा आहे असं मानायलाच व्यवस्था तयार नाही. २०११ च्या जनगणनेत 'लमाणी/लंबाडी' ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक होते. जनगणनेच्या तक्त्यात ते सारे हिंदीच्या पोटात मोजले गेले. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. राज्याची हद्द ओलांडली की दाखला निरुपयोगी होतो. मूल मात्र तेच असतं आणि त्याची भाषाही तीच.

२०२५ साली राज्यात पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणली, मोठा विरोध झाला, आणि २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. लहान मुलांवर इतक्या भाषांचं ओझं नको, असं आपणही म्हटलं. मीही त्या सभांना गेले होते. आपलं म्हणणं योग्यच होतं. पण त्या सगळ्या चर्चेत 'पहिली भाषा' म्हणजे मराठी हे आपण गृहीतच धरलं होतं. ज्या मुलाची मराठी हीच दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्याच्याविषयी व्यासपीठावरून कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. मीही बोलले नाही. गोरमाटी, वडारी, पारधी, कोरकू, भिली बोलणारी मुलं याच महाराष्ट्राची आहेत ना?

न्यायाच्या दारातही हाच प्रकार. फौजदारी खटल्यात आरोपीला साक्षीपुराव्याची भाषा समजत नसेल तर ती त्याला समजेल अशा भाषेत न्यायालयाने सांगायची असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब घेताना गरज पडल्यास दुभाषा घेण्याची तरतूद आहे. म्हणजे आरोपीला दुभाषा आहे, पीडित मुलालाही आहे. पण बायकोला मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध पहिल्यांदा चौकीची किंवा आपल्या केंद्राची पायरी चढणाऱ्या बाईला? तिला तिची मुलगी. ज्या मुलाला कायदा दुभाषा द्यायला सांगतो, त्याच मुलाला आपण दुभाषा करतो.

"पण मग करायचं काय?"

केंद्रात मी हा विषय मांडला तेव्हा सहकारी मैत्रिणींनी तीन आक्षेप घेतले. तिन्ही प्रामाणिक होते, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला: मुलांनी घरच्यांना मदत केली तर बिघडलं कुठे? गरीब घरात मुलं पाणी भरतात, भावंडं सांभाळतात, तसंच हे. खरं आहे. बसची पाटी वाचून दाखवणं, दुकानदाराशी हिशेब करणं, शाळेची नोटीस समजावणं यातून मुलाला अभिमानही वाटतो. मीही तो अनुभवला आहे. पण पाटी वाचणं वेगळं आणि आईच्या अंगावरच्या जखमांची भाषा करणं वेगळं. ज्या संभाषणानंतर मूल आईबापांकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकणार नाही, त्या संभाषणात मूल नको. आजाराचं निदान, मारहाण, लैंगिक त्रास, घटस्फोट, कर्जाचा तगादा ही ती हद्द आहे, असं मी मानते.

दुसरा: दुभाषी आणायची कुठून? पैसे कुठून? तर आपल्या बचत गटांत, आपल्या मोर्च्यांत गोरमाटी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या कितीतरी जणी आहेत. सभेला गर्दी करायला आपल्याला त्या आठवतात, कामावर घ्यायला आठवत नाहीत. आमच्या मावशीने त्या दिवशी अर्ध्या तासात जे केलं ते मला तीन महिन्यांत जमलं नव्हतं. तिला मानधन द्यायला हवं, चहापाण्यावर भागवून चालणार नाही. प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला फोनवर घेता येतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटला: समाजातलीच बाई दुभाषी म्हणून बसली की गोष्ट तांड्यावर फुटणार, नाईकाच्या कानावर जाणार, आणि पंचायत बसणार. ही भीती खरी आहे. एकदा तसं झालंही. म्हणून दुभाषी त्याच तांड्यावरची नसावी, नवऱ्याच्या नात्यातली तर मुळीच नसावी. तिला गोपनीयतेचं प्रशिक्षण द्यायला हवं. आणि "हिच्यासमोर बोलशील का?" हे आधी त्या बाईला विचारायला हवं. ती नाही म्हणाली तर दुसरी शोधायची. हे सगळं वेळखाऊ आहे, हे मान्य. पण हा वेळ वाचवण्यासाठी आजवर आपण मुलांना वापरलं आहे.

आमच्या केंद्राने २०२३ च्या जूनपासून काही साधे नियम केले. फॉर्मच्या अगदी वर, नावाच्याही आधी, एक प्रश्न घातला: "तुला कुठल्या भाषेत बोलायला बरं वाटेल?" अठरा वर्षांखालच्या कुणालाही हिंसाचाराच्या बोलण्यात दुभाषा करायचं नाही. तातडीच्या वेळी दुसरं कुणीच नसेल तर मुलाकडून एवढंच विचारून घ्यायचं: आता जिवाला धोका आहे का, दवाखान्यात जायला हवं का. बाकीचं नंतर. आईशी बोलणं चालू असताना मुलासाठी वेगळी ताई हवी, आणि त्या मुलालाही विचारायला हवं की तुला काय वाटतंय. 'आईला काय वाटतंय' हे त्याला विचारायचं नाही.

बालवाडीतही थोडा बदल केला. "घरी मराठीत बोला" हा सल्ला आम्ही बंद केला. आता आयांना सांगतो, तुम्हाला ज्या भाषेत हसता येतं, रागावता येतं, गोष्ट सांगता येते, त्याच भाषेत मुलांशी बोला. मराठी शिकवायला आम्ही आहोत. आठवड्यातून एकदा एक आई येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगते आणि तीच गोष्ट ताई मराठीत सांगते. राग, भीती, लाज, आठवण यांना तुमच्या घरी काय म्हणतात, हे मुलांकडून विचारून भिंतीवर चित्रांखाली लिहितो. पहिल्या महिन्यात एक चार वर्षांचा मुलगा, जो वर्गात एक अक्षर बोलत नव्हता, उठून बाईंना त्यांच्या उच्चारातली चूक सांगू लागला. त्याच्या आईला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

यातून सगळे प्रश्न सुटलेत असं मुळीच नाही. मुलं शाळेत जातात तिथे पुन्हा हसणं आहेच. साइट संपली की कुटुंब दुसरीकडे जातं, आणि आमची भिंत तिथेच राहते. शिक्षक नेमणं, पुस्तकं काढणं, चौकीत आणि सरकारी रुग्णालयात दुभाषी ठेवणं हे सरकारचं काम आहे, आणि ते आपण मागितलंच पाहिजे. पण मागण्यांच्या यादीत हा मुद्दा यायचा तर आधी तो आपल्याला स्वतःला दिसायला हवा.

त्या बाईला पुढे काही महिने निवारागृहात जागा मिळाली, आता ती दोन मुलांना घेऊन बहिणीच्या शेजारी राहते. न्यायालयातलं काम अजून चालू आहे आणि तिचं म्हणणं तिथे मावशी सांगते. मुलगी माझ्याशी अजून जपून बोलते. त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. मागच्या वेळी वस्तीत गेले तेव्हा तिने विचारलं, "आज काही सांगायचंय का याडीला?" मी म्हटलं, "नाही गं, आज मी तुलाच भेटायला आलेय." तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मग तिने शाळेतली एक भांडणाची गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत आणि अर्धी गोरमाटीत. सगळी मला कळली नाही. पुन्हा सांग म्हटल्यावर तिने पुन्हा सांगितली.

मैत्रिणींनो, आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकच करून पाहा. गेल्या वर्षभरात तुमच्याकडे आलेल्या ज्या बाईंची भाषा तुम्हाला येत नव्हती, त्यांची प्रकरणं काढा. त्यांचं म्हणणं तुम्हाला कुणी सांगितलं, ते आठवा. सांगणारं मूल असेल तर ते प्रकरण पुन्हा उघडा. बाईला मोठ्या माणसाच्या तोंडून पुन्हा विचारा, आणि त्या मुलाचीही चौकशी करा. काय आढळतं ते या पानांवर जरूर लिहा.